पोराला कुणी विचारलं का?

गेल्या महिन्यात सोलापूरच्या पूर्व भागात, एका लहानशा हॉलमध्ये, आम्ही चार्ली चॅप्लिनचा 'द किड' दाखवला. समोर सत्तर-ऐंशी माणसं होती. शाळांतले शिक्षक, अंगणवाडीसेविका, कायद्याचं शिक्षण घेणारी पोरं आणि मागच्या भिंतीला टेकून बसलेल्या विडी कामगार बायका. विषय ठरलेला होता, दत्तक आणि मुलांचे हक्क. सिनेमा संपला आणि भांडण सुरू झालं, ते अजून चालू आहे. एक बाजू म्हणते, असला गंभीर कायदा शिकवायला रडवणारे सिनेमे वापरणं हा बेजबाबदारपणा आहे. यात रस्त्यावर सापडलेलं बाळ परस्पर घरी नेणारा माणूस नायक आणि अनाथालयाचा अधिकारी खलनायक. दुसरी बाजू म्हणते, कायदा कायदा काय करता, माया असली की झालं, यशोदेनं कुठं कागद केले होते? दोन्हीकडची तळमळ मला कळते. पण दोघंही भलत्याच जागी भांडताहेत, असं माझं स्पष्ट मत आहे. जुने सिनेमे दाखवलेच पाहिजेत. ते कायदा बरोबर सांगतात म्हणून दाखवायचे नाहीत. ज्या जागी त्यांतला कायदा चुकतो, किंवा मुळात नसतोच, नेमक्या त्या जागी सिनेमा थांबवून दिवे लावता येतात आणि विचारता येतं की इथं पोराला कुणी विचारलं का?

पहिल्या बाजूचा आक्षेप हलका नाही, म्हणून आधी तो. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे टाकून दिलेलं बाळ सापडलं तर चोवीस तासांच्या आत पोलिसांना, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला किंवा बाल कल्याण समितीला कळवावंच लागतं. न कळवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. ठरलेली पद्धत डावलून मूल दिलं-घेतलं तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा लाखाचा दंड, किंवा दोन्ही आहे. मी वकिली करते. वर्षातून दोन-तीनदा तरी कुणी नवरा-बायको येऊन बसतात, इकडचं तिकडचं बोलतात आणि मग हळूच म्हणतात, "मॅडम, एका ठिकाणी बाळ मिळतंय. तुम्ही फक्त कागद करून द्या." त्यांच्या मनात पाप नसतं. बारा-पंधरा वर्षं नवस, औषधं, नातेवाइकांचे टोमणे सोसून ती आलेली असतात. अशा माणसांना 'द किड' दाखवला आणि तसंच घरी पाठवलं, तर 'बघा, चॅप्लिननंही हेच केलं' एवढंच त्यांच्या हाती लागेल. हा धोका खरा आहे.

पण सिनेमा नीट पाहिला तर तो कुणाची बाजू घेतो? गोष्ट साधी आहे. लग्नाशिवाय आई झालेली एक गरीब बाई आपलं तान्हं बाळ एका श्रीमंताच्या मोटारीत ठेवते, सोबत चिठ्ठी, की या पोरक्या मुलावर माया करा, त्याला सांभाळा. ती मोटार चोर पळवतात आणि बाळ एका गल्लीत कचऱ्याच्या डब्यापाशी सोडून जातात. तिथं ते चार्लीला सापडतं. इथं सगळे हसायला लागतात, कारण बाळ दुसऱ्याच्या गळ्यात मारायची चार्लीची धडपड तशी आहेच. त्या हसण्यात एक छोटा प्रसंग निसटतो. आई परत येते. तिला पश्चात्ताप होतो, ती धावत त्या बंगल्याशी जाते, मोटार नाही हे कळल्यावर कोसळते. म्हणजे चार्लीनं ते बाळ त्याच दिवशी पोलिसाच्या हाती दिलं असतं, तर माय-लेकरांची पाच वर्षं वाचली असती. आजच्या कायद्यात मूल स्वेच्छेनं सोपवणाऱ्या आईबापांना फेरविचाराला दोन महिने मिळतात. टाकलेल्या बाळाच्या बाबतीतही आधी आईबापांचा शोध घेतात. मूल दोन वर्षांच्या आतलं असेल तर दोन महिने, मोठं असेल तर चार, आणि मगच ते दत्तक द्यायला मोकळं झाल्याचं समिती जाहीर करते. लोक याला लाल फीत म्हणतात. ती मुदत कशासाठी ठेवली, हे मी भाषणात दहादा सांगून पाहिलं आहे आणि ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत झोप पाहिली आहे. त्या बंगल्याच्या दारात कोसळलेली आई दाखवली की एक वाक्य बोलावं लागत नाही. मग हा सिनेमा कायद्याच्या विरोधात आहे असं कायद्याच्याच बाजूच्या लोकांनी का म्हणावं?

आता पुढचं, जे त्यांना गैरसोयीचं वाटेल. पाच वर्षं उलटतात. पोरगं दगड मारून काचा फोडतं, मागून चार्ली पाठीवर काचा घेऊन येतो आणि बसवून देतो. असा दोघांचा धंदा. पोर आजारी पडतं, डॉक्टर येतो, तू याचा बाप का म्हणून विचारतो. चार्ली ती जुनी चिठ्ठी दाखवतो. डॉक्टर चिठ्ठी खिशात घालतो आणि अनाथालयाची माणसं गाडी घेऊन दारात उभी राहतात. अधिकारी पोराशी थेट बोलतसुद्धा नाही. जे विचारायचं ते दुसऱ्याला विचारतो. गाडीत कोंबलेलं ते पोर हात पसरून रडतं आणि चार्ली कौलांवरून धावत सुटतो.

त्या वेळी माझं लक्ष पडद्याकडे नव्हतं. मागच्या भिंतीशी बसलेल्या एक अक्का अंधारातही विड्या वळत होत्या. सूप मांडीवर, ओल्या फडक्यातली पानं बाजूला, बोटं आपोआप चाललेली. दिवसाची हजार विडी पुरी करायची तर सिनेमा बघताना हात रिकामे ठेवून परवडत नाही. पोराला गाडीत टाकलं तेव्हा त्यांचे हात थांबले. अर्धी वळलेली विडी तशीच बोटांत. आणि त्या मोठ्यानं म्हणाल्या, "कोन तरी पोराला इचारा की ओ!"

त्यांना ठाऊक नव्हतं, पण आजचा नियम अगदी हेच सांगतो. दत्तक जाणारं मूल पाच वर्षांचं किंवा मोठं असेल तर त्याची संमती घ्यावी लागते. सिनेमातलं पोर तेवढंच आहे. संयुक्त राष्ट्रांचा बालहक्कांचा करार १९८९ चा, भारतानं तो ११ डिसेंबर १९९२ रोजी मान्य केला. स्वतःबद्दलच्या निर्णयात मुलाचं म्हणणं ऐकून घ्यायचं हे त्यात बाराव्या कलमात आहे. अक्कांनी ते कलम वाचलेलं नाही, आणि ज्यांनी वाचलं आहे ते शिक्षक त्या क्षणी रुमाल शोधत होते.

अनाथालयवाल्यांना राक्षस दाखवलं, ही तक्रारही मला पूर्ण पटत नाही. चॅप्लिन स्वतः वयाच्या सातव्या वर्षी लंडनमधल्या लॅम्बेथच्या गरिबाश्रमात गेला होता, तिथून हॅनवेलच्या अनाथ-निराधार मुलांच्या शाळेत. त्याचं पहिलं बाळ १९१९ च्या जुलैत तीन दिवसांचं होऊन गेलं, आणि त्यानंतर लवकरच त्यानं हा सिनेमा करायला घेतला. १९२१ मध्ये सिनेमा पडद्यावर आला तेव्हा त्याच्या जन्मभूमीत, इंग्लंडात, दत्तकाचा कायदाच नव्हता. तो १९२६ मध्ये आला. ज्या काळात पोराला आपलं म्हणवून घ्यायची कायदेशीर वाट नव्हती आणि सरकारी दार म्हणजे आईपासून तोडणारं दार होतं, त्या काळातली ही साक्ष आहे. ती बदनामी कशी? उलट आपल्याकडच्या अधिकाऱ्यांनी ती गाडी पुन्हा पुन्हा पाहावी. एखाद्या मुलाला न्यायला आपली गाडी दारात लागते, तेव्हा आतून ती कशी दिसते हे त्यांना दुसरीकडे कुठं दिसणार?

आणि संस्था म्हणजे क्रूरच, असं सोलापूर जिल्ह्यानं तरी म्हणू नये. १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या मंडळींनी पंढरपुरात बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. त्याआधी गरोदर विधवांना वारीच्या, तीर्थयात्रेच्या निमित्तानं पंढरपुरात आणून सोडत, आणि जन्मलेल्या बाळांचं काय होई हे सगळ्या गावाला माहीत असून कुणी बोलत नसे. ती संस्था पुढे नवरंगे बालकाश्रम म्हणून नावारूपाला आली. चंद्रभागेच्या काठी मेली असती अशी मुलं तिथं जगली. त्या वेळीही आक्षेप होताच, की अशी गृहं काढली तर पापाला उत्तेजन मिळेल. आजच्या आक्षेपात, असे सिनेमे दाखवले तर लोक मुलं परस्पर उचलून नेतील, मला तोच जुना सूर ऐकू येतो. आधी झाकायचं, मग झाकलेलं नाहीच म्हणायचं.

आता 'माया असली की झालं' या बाजूकडे वळते. तिच्यावर मी जास्त रागावलेली आहे, कारण माझ्याकडे येणारी बरीच दुःखं याच वाक्यातून निघालेली असतात. सोलापूरहून तासाभरावर अक्कलकोट. त्या संस्थानाचा मूळ पुरुष कोण? १७०७ मध्ये मोगलांच्या कैदेतून सुटून येणाऱ्या शाहू महाराजांची वाट पारदच्या लोखंडे पाटलानं अडवली, लढाईत पाटील पडला, आणि त्याच्या बायकोनं आपला लहानगा राणोजी महाराजांच्या पायांवर घातला. महाराजांनी त्याला वाढवलं, फत्तेसिंह नाव दिलं, भोसले आडनाव दिलं, अक्कलकोट दिलं. माया कमी होती का? मुळीच नाही. पण १७४९ मध्ये महाराज गेले तेव्हा साताऱ्याची गादी ताराबाईंनी नातू म्हणून पुढे आणलेल्या रामराजाकडे गेली. मानलेला मुलगा आणि वारस यांत अंतर होतं, आणि ते अंतर मायेनं भरून निघालं नाही.

राजेरजवाड्यांचं सोडा. जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये पुण्यात असंच बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं आणि काशीबाई या विधवेच्या मुलाला, यशवंतला, १८७४ मध्ये दत्तक घेतलं. समाजाला ज्यांनी आयुष्यभर अंगावर घेतलं त्या जोतिरावांनी यशवंतला नुसत्या मायेवर सोडलं नाही. १८८७ मध्ये मृत्युपत्र करून त्याची नोंदणी केली. तरीही २८ नोव्हेंबर १८९० ला ते गेले आणि टिटवं, म्हणजे अंत्ययात्रेपुढचं मडकं, कुणी धरायचं यावरून भाऊबंद उभे राहिलेच. हा रक्ताचा नाही, असं म्हणाले. शेवटी सावित्रीबाईंनी टिटवं हाती घेतलं. फुल्यांच्या घरात हे होतं, तर तुमच्या-आमच्या घरात होणार नाही?

होतं. एक तरुण माझ्याकडे आला होता. चुलत्याच्या मांडीवर दिलेला, स्टॅम्प पेपरवर चार ओळी लिहिलेल्या, नोंदणी नाही. दत्तक वडील वारले, वारस नोंदीचा अर्ज केला आणि भावकीनं हरकत घेतली. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्यात खरोखर देणं-घेणं झालं असेल तर दत्तक उभं राहतं, आणि एकदा झालेलं वैध दत्तक कुणाला रद्द करता येत नाही. पण नोंदणी झालेलं दत्तकपत्र असेल तर न्यायालय ते खरं धरून चालतं. नसेल तर तुम्ही साक्षीदार शोधत हिंडा. त्याचे साक्षीदार मेले होते. जमिनीचं मग पुढे बघितलं आम्ही. त्याला लागलं होतं ते वेगळंच. हरकतीचा कागद वाचला तेव्हा त्याला पहिल्यांदा कळलं होतं की आपण त्यांच्या पोटचे नाही. घरात माया एवढी होती की कुणाला सांगायची गरजच वाटली नव्हती.

आपले हिंदी सिनेमे या कामासाठी आणखी उपयोगी आहेत, कारण त्यांच्या तारखाच बोलतात. 'बूट पॉलिश' १९५४ चा. भोला आणि बेलू ही पोरकी भावंडं, ताटातूट होते, बेलूला एक श्रीमंत कुटुंब मुलगी म्हणून ठेवून घेतं, आणि अखेरीस भोलालाही. प्रेक्षक सुखावून घरी जातो. पण १९५४ मध्ये, १९५६ चा कायदा यायच्या आधी, हिंदू शास्त्राप्रमाणे दत्तक घ्यायचा तो मुलगाच, पिंडासाठी आणि वंशासाठी. बेलूला मुलगी म्हणून मांडीवर घेता येईल असा सर्वसाधारण कायदाच नव्हता. म्हणजे सिनेमानं जे सहज दाखवलं, तिथं कायदा दोन वर्षांनी पोचला. भावंडांना शक्यतो एकत्रच द्यावं हे नियमात यायला तर आणखी कितीतरी काळ लागला.

'धूल का फूल' १९५९ चा. जंगलात सोडलेलं बाळ अब्दुल रशीदला सापडतं आणि तो ते वाढवतो. त्याच्या तोंडचं 'तू हिंदू बनेगा ना मुसलमान बनेगा' हे गाणं अजून लोक गुणगुणतात. कायद्याच्या नजरेत मात्र अब्दुल चाचा त्या पोराचा कुणीच नव्हता. हिंदू दत्तक कायदा त्याला लागू नव्हता, आणि १८९० च्या पालक व पाल्य कायद्याखाली मिळालं असतं ते फार तर पालकत्व, मूल सज्ञान झालं की संपणारं. बाल न्याय कायद्याखाली कुठल्याही धर्माच्या माणसाला मूल दत्तक घेता येतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१४ मध्ये निःसंदिग्धपणे सांगितलं. मधे पंचावन्न वर्षं गेली. त्याच सिनेमात चोरीच्या आळावरून ते लहान पोर भर कोर्टात उभं राहतं आणि समोर न्यायाधीश म्हणून बसलेला असतो त्याला नाकारणारा जन्मदाता. शेवटी अब्दुल ते मूल त्याच्या आईच्या हवाली करतो. किती मोठ्या मनाचा, म्हणून आपण डोळे पुसतो. ज्याच्या कुशीत ते वाढलं त्याच्यापासून त्याला तोडताना त्याचं मत मोठ्यांपैकी कुणाला घ्यावंसं वाटलं, हे त्या प्रसंगाशी सिनेमा थांबवून एकदा वर्गाला विचारून पाहा.

एका आक्षेपापुढे मात्र मी माघार घेते. एका शिक्षिकेनं विचारलं, माझ्या वर्गात दत्तक आलेलं मूल असेल तर? कचऱ्याच्या डब्यापाशी पडलेलं बाळ पाहून शेजारचा पोरगा त्याच्याकडे बोट दाखवणार नाही कशावरून? आपल्याकडे तर 'तुला उकिरड्यावरून आणलं' हे लाडानं चिडवायचं वाक्य आहे. तिचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे. हे सिनेमे मुलांच्या वर्गात, तयारीशिवाय, दाखवू नयेत. आधी मोठ्यांना दाखवावेत, शिक्षकांना, अंगणवाडीसेविकांना, पोलिसांना, वकिलांना. चूक तिथं सुधारायची आहे. मुलांपुढे आणायचाच तर कुणाचं नाव न घेता, कुणाकडे न पाहता, आणि आईबापांशी आधी बोलून. त्या मुलाची गोष्ट ही त्याची आहे, ती कुणाला सांगायची हे त्यानं ठरवायचं. ओळख जपण्याचा हक्क कायद्यातही आहे.

परदेशी आणि शंभर वर्षं जुना सिनेमा कशाला, हा प्रश्न सोलापूरकरानं तरी विचारू नये. त्या हॉलमध्ये तेलुगू, कन्नड, उर्दू आणि मराठी घरांतली माणसं शेजारी शेजारी बसली होती. मी आजवर जेवढी कायदेविषयक शिबिरं घेतली त्यांत निम्म्या बायका माझं पुस्तकी मराठी शेजारणीकडून समजून घेत बसतात. 'द किड' मूकपट आहे. पहिल्यांदाच सगळ्यांना एकाच क्षणी कळत होतं.

आणि एक गोष्ट मी दरवेळी सिनेमा संपल्यावर सांगते. पडद्यावरचं ते पोर म्हणजे जॅकी कूगन. सगळ्या जगानं त्याला आपलं मानलं. लहानपणीच त्यानं लाखो डॉलर कमावले. १९३५ मध्ये वडील अपघातात गेले, आईनं त्याच्या पैशाचा कारभार बघणाऱ्याशीच लग्न केलं, आणि तो सज्ञान झाला तेव्हा कळलं की पैसा उरलेला नाही. तिथल्या कायद्यात अज्ञान मुलाची कमाई आईबापांची होती. १९३८ मध्ये त्यानं आईवर आणि सावत्र बापावर दावा लावला. हाती आले सुमारे सव्वा लाख डॉलर. त्यावरून कॅलिफोर्नियात १९३९ मध्ये बालकलाकारांच्या कमाईचा कायदा झाला. आपल्याकडेही आता बालकलाकाराच्या कमाईतला किमान वीस टक्के भाग त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकावा लागतो. म्हणजे पोराला सख्खी आई होती, घर होतं, माया होती असं धरून चालू. तरी हक्क नव्हता. हे सांगितलं तेव्हा त्या अक्का म्हणाल्या, "आमीबी लहानपनी आईबरोबर विड्या वळायचो. पगार आईच्या नावावर." आईची तक्रार त्यांच्या आवाजात नव्हती. पण शेजारच्या दोघी-तिघींनी माना हलवल्या.

'द किड' संपतो तो एका बंद होणाऱ्या दारावर. आई आता मोठी नटी झालेली, मूल तिला मिळालेलं, पोलीस चार्लीला तिच्या बंगल्यापाशी आणून सोडतो, पोर धावत येऊन बिलगतं, तिघं आत जातात. पुढे काय, ते सिनेमा सांगत नाही. दिवे लागले तेव्हा अक्कांनी सूप आवरता आवरता विचारलं, "आता ह्या पोराचं आडनाव काय लागनार?" मी म्हणाले, आईचं लागेल. लग्न न झालेल्या आईला बापाचं नाव न सांगता मुलाचं पालकत्व मिळतं, हे सर्वोच्च न्यायालयानं २०१५ मध्ये सांगितलं आहे. आणि आपल्या राज्यात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावावंच लागतं. त्यांनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "आणि त्या बाबाचं नाव कुटं लिवायचं?" त्यावर हॉलमध्ये पुन्हा सगळे एकदम बोलायला लागले. पुढच्या शनिवारी आम्ही तिथूनच सुरू करणार आहोत.